भरतीच्या वेळेवर बेतलेला प्रवास : ठाण्यातील एका कुटुंबाची मोटरहोममधील कोकण सफर

घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात राहणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाने दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यावर, चालकासह भाड्याने घेतलेल्या मोटरहोममधून, म्हणजे झोपण्याची आणि शौचालयाची सोय असलेल्या गाडीतून, कोकणच्या किनाऱ्याने जाण्याचे ठरवले. कुटुंबात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, आठवीतली नात आणि तिसरीतला नातू. मूळ बेत ठाणे ते गणपतीपुळे असा होता आणि त्यात चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या होत्या : आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. प्रत्यक्षात गाडी हर्णैपर्यंत गेली, दोन खाड्या ओलांडल्या आणि दापोली–खेडमार्गे महामार्गाने परत आली. बेत निम्मा करण्याचे निर्णय कुटुंबाने कशाच्या आधारावर आणि कोणत्या क्रमाने घेतले, त्याची ही नोंद आहे. या किनाऱ्यावर मोटरहोमचा दिवस किलोमीटरच्या हिशेबाने आखता येत नाही. तो खाडीतल्या पाण्यावर आणि गाडीतल्या पाण्यावर बेतावा लागतो, हे या प्रकरणात मला फार स्पष्टपणे दिसले.

मोटरहोमच का?

मोटार आणि घरगुती निवास हा सोपा आणि स्वस्त पर्याय कुटुंबासमोर होता. तो बाजूला पडला तो आजींमुळे. गुडघेदुखीमुळे त्यांना भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता येत नाही आणि महामार्गावर स्वच्छ, कमोड असलेले शौचालय हमखास कुठे मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे गेली काही वर्षे लांबच्या प्रवासाला निघताना त्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी करत. सुनेने कारण विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “मी पाणीच पीत नाही ना, मग गाडी थांबवायला कशाला लागते?” या वयात दिवसभर पाणी तोडणे म्हणजे शरीर कोरडे पडणे, चक्कर येणे आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देणे. आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठ स्त्रिया प्रवासात हे निमूटपणे करतात आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. या कुटुंबाच्या लक्षात आले आणि त्यांनी गाडी निवडली ती शौचालयासाठी. समुद्रकाठी गाडीत झोपण्याची हौस मुलांची होती, ती त्यात आपोआप भागली.

म्हणूनच गाडी ताब्यात घेताना जे घडले ते गंभीर होते. दूरध्वनीवर ‘शौचालयासह’ असे सांगणाऱ्या भाडेवाल्याने किल्ली देताना सांगितले की शौचालय शक्यतो वापरू नये आणि वापरलेच तर फक्त लघुशंकेसाठी वापरावे. कमोडखालची सरकती टाकी, जिला कॅसेट म्हणतात, आधीच्या प्रवाशांनी वापरून तशीच ठेवलेली होती. सुनेने तिथेच ठाम भूमिका घेतली : शौचालय वापरायचे नसेल तर या गाडीचे आम्हाला काही काम नाही. अखेर टाकी रिकामी करून धुऊन मिळाली, पुढची सफाई कुटुंबाने स्वतः करायची असे ठरले आणि ते कागदावर लिहून घेतले गेले. निघण्याच्या आदल्या दिवशीच गाडी पाहायला जाण्याचा आग्रह तिनेच धरला होता. निघण्याच्या पहाटे ही बोलणी झाली असती तर नमते घ्यावे लागले असते.

ठाणे ते कळंबोली : वजन आणि कागद

छतावरच्या एसीसह गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास असल्याने ती संकुलाच्या कमानीखालून आत येऊ शकली नाही. सामान बाहेर रस्त्यावर नेऊन भरावे लागले आणि त्यामुळे ते आपोआप कमी झाले. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक परवान्याची होती. खासगी, पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीत भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो, म्हणून मुलाने परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा हे तिन्ही कागद स्वतः वाचले. नोंदणी पुस्तकात जितक्या आसनांची नोंद तितकीच माणसे, आणि गाडी चालू असताना प्रत्येक जण पट्टा लावून आसनावरच, हा नियमही त्याने मुलांना घरीच सांगून ठेवला. चालत्या गाडीत बिछान्यावर लोळत जाण्याची चित्रे जाहिरातींत दिसतात, परंतु करकचून ब्रेक लागला तर बिछान्यावरच्या माणसाला धरून ठेवणारे काहीही नसते.

पहाटे ऐरोली, रबाळे, तुर्भे करत गाडी कळंबोलीला पोहोचली. तेथील पोलाद बाजारामुळे परिसरात वजनकाटे भरपूर आहेत. चालकाने सुचवले म्हणून भरलेली गाडी काट्यावर घेतली, तेव्हा ती नोंदणी पुस्तकातील कमाल वजनाच्या अगदी काठावर असल्याचे कळले. पाण्याची टाकी एकशे वीस लिटरची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी भरूनच निघायचे ही समजूत कुटुंबाने तिथेच सोडली, निम्मे पाणी झाडांना सोडले आणि पुढे प्रत्येक मुक्कामी लागेल तेवढेच भरायचे ठरवले. घाटात ब्रेक तापण्याचा धोका वजनाबरोबर वाढतो, त्यामुळे हा निर्णय मला फार योग्य वाटतो. काट्याची पावती ही त्या सकाळची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी होती.

खाडीचे पाणी

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून पेण, वडखळ, अलिबाग आणि रेवदंड्याच्या खाडीवरील साळाव पुलावरून मुरूड, असा पहिला दिवस गेला. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी, आगरदांड्याच्या जेट्टीवर उभा राहणार होता.

किनाऱ्याने रेवसपासून रेड्डीपर्यंत जाणाऱ्या सागरी महामार्गाची कल्पना जुनी आहे आणि मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. परंतु या कुटुंबाच्या वाटेवरच्या खाड्या फेरीबोटीनेच ओलांडायच्या होत्या. मोटारीला त्यात काही कठीण नाही. मोटरहोमची अडचण तिच्या शेपटीत असते. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो भाग अधांतरी राहतो तो नियमाने पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या साठ टक्क्यांपर्यंत असू शकतो. या गाडीचा तो भाग १.९ मीटर होता आणि त्याच्या टोकाला सांडपाण्याचा नळ जमिनीपासून अवघ्या २८ सेंटीमीटरवर होता. म्हणजे चाकामागे दर सात फुटांना एक फूट यापेक्षा अधिक चढउताराचा फरक आला की नळ जमिनीला लागणार. गाडी जेट्टीच्या उतारावरून खाली येऊन बोटीच्या फळीवर चढते तेव्हा पुढची चाके वर आणि मागची अजून उतारावर अशी स्थिती येते. नेमकी तेव्हाच शेपटी खाली बसते. ओहोटीला उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि हा कोन अधिक तीव्र होतो.

मुलाचा बेत सकाळी साडेआठच्या फेरीचा होता, कारण प्रवासात ‘लवकर निघालेले बरे’ हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. आजींचे माहेर श्रीवर्धन तालुक्यातले. त्यांनी रात्री जेवताना विचारले, “उद्या तिथी कोणती?” कार्तिक शुद्ध चतुर्थी. किनाऱ्यावरचे जुने गणित त्यांना पाठ होते : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, म्हणजे त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी पावणेनऊला, पूर्ण ओहोटी. साडेआठची फेरी नेमकी सर्वांत वाईट वेळेची होती. या गणिताला आधार पक्का आहे. अमावास्या-पौर्णिमेला भरती बारा वाजण्याच्या सुमारास येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. पाऊण तास हा त्याचाच सोपा आकडा. स्थानिक खाडीनुसार वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून मुलाने भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताळा केला आणि फरक फार निघाला नाही.

याच हिशेबातला दुसरा भाग म्हणजे उधाण आणि भांग. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असतो, ते उधाण; अष्टमीच्या आसपास सर्वांत लहान, ती भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला हा फरक चार मीटरच्या घरात जातो, दक्षिणेकडे तो कमी होत जातो. दिवाळी अमावास्येलाच येते. त्यामुळे भाऊबीज करून निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या पहिल्या एक-दोन खाड्या उधाणाच्या उतरत्या दिवसांतच येणार, हे पंचांगातूनच ठरलेले आहे; तरीही बेत आखताना त्याकडे कोणी पाहत नाही, याचे मला फार आश्चर्य वाटते.

सकाळी नऊच्या सुमारास चालक आणि मुलगा केवळ पाहण्यासाठी चालत जेट्टीवर गेले. तिथल्या खलाशाने गाडीचे वर्णन ऐकून एवढेच सांगितले, “आता आणलीत तर शेपटी घासणार. पाणी चढू द्या, दुपारी आणा.” दुपारी एकनंतर गाडी नेली, तेव्हा पाण्याने उताराचा शेवाळलेला भाग झाकला होता. सर्वांना खाली उतरवले, खलाशाने फळी आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर दोन लाकडी पाट टाकले, चालकाने तिरकी न घेता सरळ रेषेत, माणसाच्या चालीने गाडी चढवली. नात मागे वाकून नळाकडे पाहत उभी होती. हाताच्या चार बोटांइतके अंतर शिल्लक राहिल्याचे तिने ओरडून सांगितले. दिघीच्या बाजूला उतरताना काहीच अडचण आली नाही.

बागमांडला–वेश्वी षष्ठीला ओलांडायची होती. सहाची पाऊणपट साडेचार. त्यामुळे हरिहरेश्वरला सकाळ निवांत घालवून अडीच-तीनच्या फेरीला जायचे ठरले. म्हाप्रळ–आंबेतच्या पुलावरून वळसा घेण्याचा पर्यायही राखून ठेवला होता, पण तो लागला नाही. दुपारची फेरी घेतल्याने पुढच्या मुक्कामी पोहोचायला संध्याकाळ होते आणि केळशी, आंजर्ले या बाजूचे रस्ते अंधारात मोठ्या गाडीने चालवण्यासारखे नाहीत, म्हणून त्या दिवशी केळशीच्या पुढे जायचे नाही हेही आदल्या रात्रीच नक्की केले. भरतीची वेळ पाळायची तर त्या दिवसाची मजल कमी करावीच लागते. मूळ बेतात ही किंमत कुठेच धरलेली नव्हती.

रात्रीचे मुक्काम

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन, म्हणजे अशा राहत्या गाड्यांच्या, पर्यटनाचे धोरण आणले. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले गाडीतळ ही त्यातली कल्पना आहे. या कुटुंबाला वाटेवर असा तळ मिळाला नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणी घरगुती निवास चालवणाऱ्यांकडे आधी विचारणा केली. चालकासाठी एक खोली भाड्याने घ्यायची, सर्वांची जेवणे त्यांच्याकडेच घ्यायची आणि गाडी त्यांच्या अंगणाबाहेर उभी करायची, असा तो व्यवहार होता. चालकाच्या खोलीवर कुटुंबाने कुठेही काटकसर केली नाही. दिवसभर घाट चालवणाऱ्या माणसाने पुढच्या आसनावर अवघडून रात्र काढावी, ही आपल्याकडची सर्रास पद्धत सर्वांच्याच जिवाशी खेळणारी आहे.

दिवेआगरला गाडी ठरलेल्या घरापर्यंत पोहोचलीच नाही. गल्ली दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांनी बांधलेली, वर नारळाच्या झावळ्या आणि घरांना गेलेल्या विजेच्या तारा. मोटार जाते, मोटरहोमचे छत अडकते. घरमालक काकांनी स्वतः पुढे चालत येऊन मुख्य रस्त्यालगतची त्यांच्या भावाची मोकळी जागा दाखवली. मुलांना सुरूच्या बनात, पुळणीला लागून गाडी हवी होती. काकांनी नकार दिला आणि तो रास्त होता : ओल्या-सुक्या वाळूत इतक्या वजनाची गाडी रुतली तर ती काढायला यंत्र आणावे लागते, आणि किनाऱ्यावर वाहने उतरवणे मुळात योग्यही नाही.

विजेचा हिशेब मुलाने घरीच केला होता. गाडीत प्रत्येकी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. कागदावर हे २.४ युनिट होतात, पण लेड-अ‍ॅसिड जातीच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढली तर तिचे आयुष्य घटते, म्हणजे हाताशी १.२ युनिट. एसीला तासाला साधारण एक युनिट लागते. त्यामुळे एसी बॅटरीवर जेमतेम तासभर चालणार. पंखे, दिवे आणि लहान फ्रिज मात्र रात्रभर निघतात. कार्तिकातल्या रात्री खिडक्या उघडून पंख्यावर झोपता आले. जिथे घरमालकाने पंधरा अँपिअरचा जोड दिला तिथे आधी अर्थिंग तपासले आणि विजेचे पैसे वेगळे दिले.

कॅसेटच्या सफाईबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या विषयावर कोणी बोलत नाही आणि सगळे त्यावरच अडते. वीस लिटरची कॅसेट पाच जणांनी मुक्तपणे वापरली तर दीड-दोन दिवसांत भरते. म्हणून ती आजींसाठी आणि अडीअडचणीला, बाकीच्यांनी मुक्कामाच्या घरातले शौचालय वापरायचे, असा नियम केला. कॅसेट दर सकाळी, घरमालकांची परवानगी घेऊन, त्यांच्याच शौचालयात रिकामी केली जाई. कोकणात घरोघरी सेप्टिक टाकी असते आणि तिचे काम जिवाणूंवर चालते. फॉर्मॅलिनसारखे तीव्र रसायन त्यात गेले तर ते जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते. हे माहीत असल्याने सुनेने भाडेवाल्याने दिलेली रसायनाची बाटली तशीच ठेवली आणि जैविक द्रव सोबत नेला. एका घरी परवानगी नाकारली गेली, तेव्हा वाद न घालता कॅसेट पुढच्या मुक्कामापर्यंत तशीच नेली. ओढ्यात किंवा रस्त्याकडेला ती ओतण्याचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. ज्या गावच्या विहिरीचे पाणी आपण टाकीत भरतो त्या गावाशी असेच वागले पाहिजे.

आजी या प्रवासात पाणी पीत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून ताक मागितले, तेव्हा सुनेने मला सांगितल्याप्रमाणे तिला गाडीभाड्याचा पैसा वसूल झाल्यासारखे वाटले.

हर्णैचा निर्णय

सप्तमीला कुटुंब हर्णैजवळ मुक्कामी होते. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मूळ बेतानुसार दुसऱ्या दिवशी दाभोळला खाडी ओलांडून गुहागरला जायचे होते. मुलाचे म्हणणे असे की आता अष्टमी, म्हणजे भांग. पाण्याचा चढउतार सर्वांत कमी, शेपटी घासण्याची भीती जवळजवळ नाही. मग ज्या अडचणीमुळे मजल घटली ती संपल्यावर मागे का फिरायचे? त्याचा युक्तिवाद बरोबर होता. सुनेने त्याला उत्तर दिले ते वेगळ्या बाजूने. “अहो, फेरी जमेल. पण आईंचे पाय बघा.” दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने आजींच्या घोट्यांना सूज आली होती आणि ती रात्रीतून पुरती उतरत नव्हती.

पुढे गेल्यास गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड आणि गणपतीपुळे इतका वळणांचा रस्ता आणि शेवटी महामार्गाने अधिक लांब परतीचा पल्ला, तोही सुट्टी संपवून मुंबईकडे परतणाऱ्या गर्दीत. थांबल्यास दोन दिवस एका जागी, आजींना दुपारी पाय वर घेऊन पडता येईल, मुलांना समुद्र मिळेल. मुलाने रात्रभर विचार करतो म्हटले आणि सकाळी घरमालकांना आणखी दोन दिवस जागा मागितली. नातवाला आरे-वारेचा समुद्राला लागून जाणारा रस्ता पाहायचा होता, तो रुसला. त्याला आदल्या दिवसांतला दिवेआगर–शेखाडी–श्रीवर्धन रस्ता आठवून दिला, पण त्याने समाधान झाले नाही आणि कोणी तसा दावाही केला नाही.

माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. बाहेरची अडचण असताना थांबणे सोपे असते, कारण दोष परिस्थितीला देता येतो. इथे वाट मोकळी होती, पैसे भरलेले होते, आणि तरीही कुटुंबातल्या सर्वांत वयस्क माणसाचे शरीर हेच प्रवासाचे माप धरले गेले. आजींनी स्वतः “माझ्यामुळे थांबू नका” असे म्हटले होते. त्या तसे म्हणणारच, हे घरच्यांना ठाऊक होते.

परतीचा प्रवास शनिवार-रविवार टाळून केला. दापोलीहून खेड, कशेडीचा बोगदा, पोलादपूर, महाड; कशेडी घाटाची जुनी वळणे टळल्याने भरलेल्या गाडीला मोठा दिलासा मिळाला. माणगावला गर्दी लागली ती लागलीच. ठाण्यात गाडी परत करताना भाडेवाल्याने सांडपाण्याच्या नळावरील ओरखड्यासाठी अनामत रकमेतून पैसे कापण्याची भाषा केली. नातीने गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीच गाडीखाली वाकून काढलेले छायाचित्र दाखवले. ओरखडा जुना होता. अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली.

दाभोळच्या दक्षिणेचा भाग पुढच्या वर्षी करायचा आहे. त्यासाठी गाडी रत्नागिरीतूनच भाड्याने मिळते का याची चौकशी सुरू आहे, म्हणजे आजींना तिथवर रेल्वेने, झोपून जाता येईल. तारखा अजून ठरलेल्या नाहीत, मात्र शाळेच्या सुट्टीत अष्टमी कुठे येते ते पाहून ठेवले आहे.